सुकटीच्या वासाचं वर्ष

लाउंज परवडतो का हो?

मी टूर लीडर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला वॉशरूमच्या रांगेतसुद्धा विचारतात. पूर्वी माझं उत्तर ठरलेलं होतं. कार्डावर फुकट मिळत असेल तर जा. पैसे मोजून गार उपमा खायचा असेल तर घरी उरतो तोच खा. माझे ग्रुप कधी लाउंजमधे गेले नाहीत. आम्ही विमानतळावर गेटजवळ चादर पसरायचो. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी. काचेपलीकडे कोट घालून सूप पिणारी माणसं आमच्याकडे अशी बघायची की मलाच त्यांची दया यायची.

एकदा मी ओळखदेख नसलेल्या एका नवख्या कुटुंबाला सांगितलं की लाउंजमधे शिरताना बूट हातात घ्यायचे असतात. चौघंही घेऊन गेले. त्यांचं बघून आतल्या दोन परदेशी माणसांनी आपलेही काढले. तेव्हा मला कळलं, लाउंजमधे कुणालाच काही माहीत नसतं. सगळे एकमेकांकडे बघून वागतात.

मग खुर्च्या आल्या.

त्या खुर्चीचं खरं नाव इंग्रजीत आहे आणि मालगाडीएवढं लांब आहे. आपली माणसं तिला नुसतं ‘सावकाश’ म्हणतात. म्हणजे, ‘विमान लेट आहे ना, मग एक सावकाश घेऊन ये.’ मला ती कशी चालते ते एका टूरवर एका डॉक्टरीणबाईंनी समरकंदच्या बसमधे समजावलं होतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

मेंदूत घड्याळ असतं, पण ते मिनिटं मोजत नाही, आठवणी मोजतं. लहानपणची मे महिन्याची सुट्टी आठवा. रोज नवं झाड, रोज नवं खरचटणं, म्हणून ती संपता संपायची नाही. आणि गेलं वर्ष आठवा. दिवाळीचा चिवडा संपतोय तोवर पुढची भाजणी दळायला निघते. दिवस तेवढेच, साठवण कमी. आता, झोपेत मेंदू काय करतो, तर साठवलेलं पुन्हा चालवून बघतो, आणि तेही फास्ट फॉरवर्डमधे. आपल्याला ते कळत नाही, कारण तेव्हा आपण घोरत असतो. पुण्याच्या डॉ. मृदुला आगाशे यांनी असं शोधून काढलं की माणूस झोपेच्या उंबरठ्यावर असताना, धड आत ना धड बाहेर, कानामागून विजेचे अगदी हलके ठोके दिले, तर तो वेगानं पळणारा पिक्चर आपल्याला बघता येतो. नुसता बघता येत नाही, त्यात राहता येतं. आणि राहिलेलं सगळं आठवणीत पूर्ण लांबीचं जमा होतं. बाहेर चहा गार होतो, आत ऋतू बदलतो.

उठल्यावर दोन गोष्टी होतात. एक, सडकून भूक लागते, कारण मेंदूनं साखर जाळलेली असते. बुफे तिथंच ठेवलाय तो उगाच नाही. दुसरी गोष्ट जाहिरातीत लिहीत नाहीत. खुर्चीत बसण्याआधी जे झालं ते लांब जातं. सकाळी बायकोशी भांडून निघालेला माणूस खुर्चीतून उठतो, तेव्हा ते भांडण त्याच्यासाठी गेल्या वर्षीचं झालेलं असतं. ती मात्र घरी अजून त्याच सकाळी बसलेली. तो फोनवर म्हणतो, अगं, किती दिवस तेच धरून बसणार? माझ्या ओळखीतलं एक लग्न असं मोडलं. एक जुळलंही, पण तो विषय वेगळा.

तर हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी मी आक्काला लाउंजमधे घेऊन गेलो.

आक्का माझी थोरली बहीण. आई मी चालायच्या आधी गेली, तेव्हापासून मला हिनंच वाढवलं. मालवणला तिची खानावळ होती, समुद्रापासून एवढ्या जवळ की भरतीच्या वेळी मागच्या दाराशी चपला ठेवायची सोय नव्हती. नवरा लवकर गेला. मुलगा प्रसाद शिकला आणि कॅनडात कॅल्गरीला राहिला. आता त्याच्या घरी बाळ येणार होतं, आणि तो दोन वर्षं म्हणत होता, आई, आता तू इकडेच ये, कायमची. मी लग्न केलेलं नाही. म्हणजे दोन-तीन मुली बघितल्या होत्या, पण मुली हुशार असतात. आयुष्यभर मी जगाच्या खोड्या काढल्या आणि त्या सांगायला मालवणला फोन केला. ऐकणारी ती एकच होती.

आदल्या दिवशी ती बोरिवलीला माझ्याकडे उतरली. संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं विरजण लावलं. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर देतात. आणि ते आपलं आपण घ्यायचं नसतं. मागं राहणाऱ्यानं द्यायचं. द्यायचं म्हणजे, जा बाई, माझी ना नाही.

सकाळी ती अंघोळीला गेली तेवढ्यात मी सगळं दही खाऊन टाकलं. भांडंसुद्धा चाटलं.

बाहेर आल्यावर तिनं भांड्यात बघितलं.

“दही खय गेलां?”

“मांजर,” मी म्हटलं.

माझं घर नवव्या मजल्यावर आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत. तिनं जाळ्यांकडे बघितलं, माझ्या मिशीकडे बघितलं, आणि पदर खोचून भांडं घासायला घेतलं. मी म्हटलं, जिंकलो. दही नाही तर जाणं नाही. पण ती टॅक्सीत बसली.

माझा ताश्कंदचा ग्रुप संध्याकाळी त्याच टर्मिनलवरून निघणार होता, त्यामुळे मला तिच्याबरोबर आत जाता आलं. सिक्युरिटीच्या पट्ट्यावरून तिची हातातली पिशवी पुढं गेली आणि स्कॅनरवरच्या मुलीनं मान मागं घेतली. पिशवीत सुकट होती. प्रसादसाठी, सात प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक गुंडाळलेली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणि तिच्या वासाला प्लास्टिक वगैरे समजत नाही.

“काय आहे हे?” मुलीनं विचारलं.

“औषध,” मी म्हटलं.

“कशावर?”

“तुम्ही कुठल्या?”

“अलिबागच्या.”

“मग कशाला विचारता?”

तिनं हसून पिशवी सोडली.

पुढं सरकत्या पट्ट्यावर आम्ही दोघं उभे राहिलो. दोन्ही बाजूंनी घड्याळांची आणि अत्तरांची दुकानं मागं सरकत होती. आक्कानं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. ती समोर बघतच बोलली.

“भाल्या, एकदाच विचारतंय. पुन्हा विचारूचंय नाय. तू ऱ्हव म्हटलंस तर मी ऱ्हवतंय.”

पट्टा चालत होता. मला एवढंच म्हणायचं होतं, राहा. किंवा म्हणायचं होतं, जा. दोन्ही शब्द लहान आहेत. पण मला आयुष्यात सरळ बोलता आलेलं नाही. माझ्या तोंडातून काही बाहेर पडायचं म्हणजे आधी उलटी उडी मारून येतं.

“तुझी खिडकीची सीट आहे,” मी म्हटलं. “फुकट जाईल.”

पट्टा संपला आणि तिला उतरताना मी हात दिला.

माझ्या कार्डावर दोन माणसं फुकट होती. लाउंजचं नाव ‘सावली’. आत एवढं मऊ होतं की आपलाच खोकला आपल्याला उद्धट वाटावा. मंद उजेड, जाड गालिचा, आणि काचेबाहेर विमानं माशांसारखी आवाज न करता सरकत होती. एका बाजूला बुफे, दुसऱ्या बाजूला अर्धगोलात आठ सावकाश खुर्च्या. सहा भरलेल्या. माणसं डोळे मिटून अशी पडली होती की जणू कुणीतरी त्यांना धुऊन वाळत घातलंय.

तिथली मुलगी रोझलीन, गोव्याची. तिनं आक्काला खुर्चीत बसवलं, कानामागं पट्टी लावली.

“आँटी, कुठं जायचंय?”

“कॅल्गरीक.”

“तसं नाही. स्वप्नात. वास निवडा, त्यावर ठरतं.”

खुर्चीच्या डोक्यापाशी काड्यापेटीएवढा खण होता. त्यात वासाची डबी बसते. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं. डोळ्यांना, कानांना मेंदूत शिरताना मधे एका स्टेशनावर उतरून गाडी बदलावी लागते. वासाची गाडी मात्र थेट, न थांबता आठवणींच्या गावात. त्यामुळे झोपेच्या उंबरठ्यावर जो वास येतो, स्वप्न तिथंच उतरतं.

डब्या चार होत्या. चंदन, कॉफी, पाइनचं जंगल आणि ‘ओशन ब्रीझ’. आक्कानं शेवटची हुंगली.

“ह्यो समुद्र? फिनेलचो वास येता ह्येका.”

“सगळे हाच घेतात, आँटी.”

“सगळे गादीर वाढलेले, त्यांका समुद्र काय ठावूक. बसव, काय ता बसव.”

रोझलीन पांघरूण आणायला वळली, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. मी आक्काच्या पिशवीतून चिमूटभर सुकट काढली. चिमूट कसली, मूठ. ओशन ब्रीझची डबी खिशात घातली आणि खणात सुकट दाबून भरली. माझा हिशोब सरळ होता. ही आत मालवणला उतरेल. वर्षभर राहील. समुद्र, खानावळ, मागचं दार. जागी होईल तेव्हा म्हणेल, भाल्या, मेल्या, घराक चल. मला तोंड उघडायचीसुद्धा गरज पडणार नाही. खोडी माझ्या वतीनं बोलेल.

मी शेजारच्या खुर्चीत बसलो. माझ्या खणात कॉफी होती. रोझलीननं पांघरूण घातलं, बटण दाबलं. एक गोष्ट मला माहीत नव्हती. आठही खुर्च्यांना हवा देणारा पंखा एकच होता. चार डब्यांचे वास सौम्य, आपापल्या खुर्चीपाशी राहणारे. सुकट कुणाच्या खुर्चीपाशी राहते?

आधी पाय ओले झाले.

मग पाण्याखाली पायरी लागली, आणि ती पायरी माझ्या ओळखीची होती. मागच्या दाराची, कोपरा फुटलेली. चुलीवर तव्यात सुकट भाजली जात होती आणि तो वास दिसत होता, म्हणजे खरोखर दिसत होता, तांबूस, वळणं घेत जाणारा, आणि तो जिथं जाईल तिथं वस्तू तयार होत होत्या. आधी तवा. मग तवा धरणारा हात. मग बांगड्या, मग आक्का. मग भिंत, बाकं, पाण्याचा माठ, दाराबाहेर माड. वास लांब गेला तसं गाव होत गेलं.

मी किती वर्षांचा होतो ते सांगता येत नाही. हात पन्नाशीचे होते आणि गुडघे फुटलेले होते.

त्या वर्षात मी एकही टूर घेतली नाही. होड्या मांजरांसारख्या उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि अंग घासून जायच्या. आमचा समुद्र दुपारी जेवायला यायचा. शेवटच्या बाकावर बसायचा, खाली पाणी साचायचं, आक्का त्याला भात जास्त वाढायची. तो फारसं बोलायचा नाही, फक्त सोलकढी दोनदा मागायचा. नारळीपौर्णिमा आली, त्याला नारळ दिला तर त्यानं तो बाकाखाली ठेवून दिला, घरी नेईन म्हणाला. गणपती आले, थंडी आली, आंब्याला मोहर आला, आणि प्रत्येक गोष्ट एवढी सावकाश आली की मला तिच्याशी गप्पा मारायला वेळ मिळाला. मी आक्काच्या चहात मीठ घातलं. तिनं तो पिऊन टाकला आणि माझ्याच उशीत करवंटी भरली. हसून हसून माझी पाठ दुखली.

मग मला ते ताट दिसलं.

रोज गिऱ्हाइकं उठून गेली की आक्का एक जास्तीचं ताट मांडायची. भात, सुकटीची चटणी, कढी. आणि हातात डाव घेऊन दारात उभी राहायची. रस्त्याकडे तोंड करून. ताट गार व्हायचं, ती उचलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची. मी तिचं लक्ष वळवायला काय नाही केलं. पोस्टमन झालो. बकरीचा आवाज काढला. ती हसायची, पण मान दाराकडेच.

शेवटी मी ताट लपवलं. तिनं दुसरं काढलं. मी तेही लपवलं. मी घरातली सगळी ताटं नेऊन समुद्राच्या स्वाधीन केली. मग आक्का मागच्या दारी गेली, केळीचं पान कापून आणलं, धुतलं, आणि त्यावर भात वाढला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी समुद्राच्या बाकावर जाऊन बसलो. म्हटलं, तू तरी सांग तिला काहीतरी. एवढं जेवतोस तिच्या हातचं.

तो कढी पीत होता.

“मी दिवसातून दोनदा जातो,” तो म्हणाला. “कोणी रडताना दिसतं का?”

“तू परत येतोस.”

“म्हणून तर कोणी रडत नाही,” तो म्हणाला, वाटी खाली ठेवली आणि उठला. त्याच्यामागं बाक कोरडं झालं, मग जमीन कोरडी झाली, मग माझे पाय.

जागा झालो तेव्हा कुणीतरी शिंकत होतं.

सगळी रांग उठून बसली होती. आठ खुर्च्यांत फक्त आक्काची रिकामी. माझ्या उजवीकडे एक जाडजूड ओसवालशेठ होते, कपाळाला केशराचा टिळा. ते तळहाताकडे बघत होते.

“भाई,” ते हळूच म्हणाले, “स्वप्नात खाल्लेलं धरतात का?”

“काय खाल्लंत?”

“तेच तर विचारू नका. माझ्या सात पिढ्यांत कुणी नाही खाल्लं.” त्यांनी तळहात हुंगला. “चांगलं होतं.”

“धरत नाहीत,” मी म्हटलं. “आमच्याकडे शास्त्र आहे तसं.” त्यांनी एवढ्या समाधानानं मान हलवली की मला खोटं बोलल्याचं पुण्य मिळालं असेल.

पलीकडे एक उंच फिनलंडचा माणूस रोझलीनला इंग्रजीत सांगत होता की तो वर्षभर एका समुद्रकाठी दुकान चालवत होता, तिथं काय विकत होतो ते मात्र आठवत नाही, आणि तिथं परत कसं जायचं? ती खुर्च्यांचे खण एकेक करून उघडत, हुंगत येत होती. आक्काच्या खणापाशी थांबली. आत बोट घातलं, बाहेर काढलं, बघितलं.

“अंकल.”

“काय गं?”

“ही सुकट आहे.”

“असेल बाई. ओशन ब्रीझच आहे, जरा जवळून आलेली.”

“माझी नोकरी जाईल, अंकल.” पण तिनं ते बोट नाकापासून लांब नेलं नव्हतं. “माझी आजी करायची. गावी, दिवाडी बेटावर.” मग एकदम भानावर येऊन म्हणाली, “मॅनेजर आले तर मी तुमचं नाव सांगणार.”

“सांग. भालचंद्र तारकर. स्पेलिंग मी देतो.”

आता ती गोष्ट इथंच संपवून टाकतो. मॅनेजर आले, त्यांनी दंडाची पावती फाडायला घेतली, तेवढ्यात ओसवालशेठ आणि तो फिनलंडवाला दोघंही त्यांच्याकडे परतीच्या दिवशी तीच खुर्ची, तोच वास मिळेल का विचारायला गेले. पावती खिशात गेली. हल्ली त्या लाउंजमधे पाचवी डबी मिळते. ‘मरीन हेरिटेज’. बाकीच्या चारांपेक्षा महाग आहे. आत काय आहे ते मला कुणी सांगायला नको.

आक्का बुफेपाशी होती. तिच्यासमोर ताट भरलेलं होतं आणि ती जेवत होती, शांतपणे, खानावळीतली शेवटची पंगत उठल्यावर जेवायची तशी. मी समोर जाऊन बसलो. माझ्या पोटात आग पडली होती, पण मला घास घेवेना. तिच्या तोंडाकडे बघत होतो, ती काय म्हणते म्हणून.

“बस. कडधान्याची उसळ बरी आसा. मीठ कमी.”

“झोप लागली?”

“माका उंबरठ्यारच वास इलो,” ती म्हणाली. “तेव्हाच म्हटलां, ह्यो भाल्या.”

“मग उठायचं ना.”

“कशाक उठू? तू इतक्या हौसेन पाठवलंस.” तिनं पाणी प्यायलं. “वरीसभर ऱ्हवलंय.”

माझा हिशोब आता लागणार होता.

“सगळी होती,” ती म्हणाली. “आई होती. प्रसादचे बाबा होते, मिशी काळी. तू होतंस, नागडो, अंगणात. परवा घर सोडलां तेव्हा गाडीवालो हॉर्न मारी होतो. मी घाईघाईन कुलूप लावलां आणि सबंध वाटेर माका वाटत होतां, खिडकी उघडी ऱ्हवली. दिवो ऱ्हवलो. तुळशीक पाणी ऱ्हवलां. आता सगळां केलां. माठ पालथो घातलो. चूल सारवली. आईक सांगलां. मगे कुलूप लावलां, ओढून बघितलां, आणि इलंय.”

तिच्या तोंडावर सकाळचं काही उरलं नव्हतं. टॅक्सीत जी बाई माझ्या शेजारी दोन्ही हातांनी पर्स दाबून बसली होती, ती वर्षभर मागं राहिली होती. माझी खोडी उलटली होती. मी तिला घरी नेऊन बांधायला निघालो होतो, आणि ती पोटभर राहून, आवरून, मोकळी होऊन आली होती.

“आता तुझा सांग,” ती म्हणाली. “सकाळी विचारलां त्येचा उत्तर दे. तुका पण वरीस झालां ना?”

झालं होतं. मला सकाळ लांब दिसत होती, पण केळीच्या पानावरचा भात समोर दिसत होता. स्वप्न माझं होतं, त्यातली आक्का माझ्याच डोक्यानं तयार केलेली होती. म्हणजे ते ताट प्रसादचं आहे, तिला कुठं बघायचंय, हे मला आधीपासून माहीत होतं. मला फक्त ते माझ्यापासून लपवायला ताटं पुरली नाहीत.

विनोद तोंडाशी आला होता. चांगला होता. मी तो गिळला.

“आक्का,” मी म्हटलं, “तू राहावंस असं मला वाटतं.”

ती घास कालवत राहिली.

“आणि तू जा. दोन्ही खरं आहे.”

तिनं ताटातला शेवटचा घास खाल्ला, बोटं पुसली, आणि म्हणाली, “इतक्या बोलाक वरीस लागला तुका.”

वर विमानाचं नाव पुकारलं. कॅल्गरीला जायचं ते मधे कुठंतरी बदलायचं असतं, त्याचा कागद मी तिच्या गळ्यात अडकवला होता. ती उठली, पिशवी घेतली, सुकटीची पुडी हातानं तपासली. मूठभर हलकी झालेली तिला कळली असणार. मग ती उभीच राहिली. निघेना.

मला कळायला थोडा वेळ लागला. ती हात पुढं करून उभी होती. उजवा, खोलगट, पदराखालून नुसता एवढासा बाहेर काढलेला, जसा प्रसादाला करतात.

बुफेवर, फळांच्या फोडींच्या शेजारी, बर्फावर ठेवलेल्या काचेच्या वाडग्यात दही होतं. घट्ट, गोड, कुणीही हात न लावलेलं. लाउंजमधे दही कुणी खात नाही, सगळे केकच्या रांगेत. मी चमचा भरून घेतला. कॉफीची साखरेची पुडी फाडून वर घातली. आक्काच्या तळहातावर ठेवलं. थोडी साखर तिच्या बांगडीवर सांडली.

“ये जाऊन,” मी म्हटलं.

तिनं हात तोंडाला लावला. डोळे मिटून, चाटून पुसून खाल्लं, शेजारचे कोटवाले बघत होते तरी. मग तिनं माझ्या हातातला चमचा घेतला.

“तू पण चल्लंस ना, ताश्कंदाक? हात कर.”

“मी काय, चार दिवसांत परत.”

“दर टुरीक फोनार विचारतंय, दही घेतलंस? आणि तू म्हणतंस घेतलंय. एकदा तरी खरां घे. हात कर, मेल्या.”

मी हात केला.

गेटपर्यंत ती मला प्रसादच्या घराचं सांगत होती, तिथं जिना आहे, बर्फ असतो, आणि तो म्हणालाय की आई, तू स्वयंपाकघरात यायचं नाही, मी करून वाढणार. “बघूया,” ती म्हणाली. “आयुष्यात एकदा तरी कोणी वाढलेला खाऊन बघतंय.” आणि मग, “तो विचारीत, करमता काय गो. तेका काय सांगू? वरीस झालां घर सोडून, कधीच करमाक लागलां.” स्वतःच हसली.

बोर्डिंगच्या रांगेत ती शेवटची होती. मुलीनं कागद फाडला, ती आत वळली, चार पावलं गेली. मी हात वर केला नाही, कारण हात चिकट होता आणि शर्ट नवा होता. विमानाकडे नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी ती थांबली. मागं वळली. सत्तरीला टेकलेली बाई, गळ्यात कागद, हातात सुकट. एवढ्या माणसांदेखत, मोठ्यानं, तिनं मला आवाज दिला.

“म्याँव.”

आणि गेली.

संध्याकाळी ग्रुप जमला. चादर पसरली, पुऱ्या निघाल्या. आमच्या ग्रुपमधे कर्णिक म्हणून एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ होते, पहिल्यांदाच देशाबाहेर चाललेले. त्यांनी शेकहँडसाठी हात पुढं केला. मी माझा हात मागं घेतला. अजून धुतला नव्हता.

“तारकर, एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “तो लाउंज परवडतो का हो?”

मी तळहाताकडे बघितलं. ते बिचारे पुरी हातात धरून थांबले.

“दही चांगलं असतं,” मी म्हटलं.